दिसणे आणि सांगणे

आपल्याला झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून समजावे, या एका प्रश्नावर आपल्या देशात हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालला, आणि त्यात एका बाजूस मीमांसक व दुसऱ्या बाजूस नैयायिक असे दोन तट पडून दोन्हीकडच्या विलक्षण बुद्धिमान माणसांनी आपली आयुष्ये वेचली. परंतु आज एखाद्या सुशिक्षित गृहस्थापाशी स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य हे शब्द नुसते उच्चारले, तरी काशीच्या कुठल्याशा ओसरीवर रिकामपणी चाललेल्या काथ्याकुटाची गोष्ट निघाल्यासारखा त्याचा चेहरा होतो. वस्तुतः वाद अगदी रोकडा आहे. ज्ञान उपजते तेच विश्वासास पात्र म्हणून उपजते आणि त्यावर अविश्वास दाखवायचा झाल्यास तसे कारण पुढे करावे लागते, असे मीमांसकांचे म्हणणे; उलट, खरे की खोटे हे ज्ञानाच्या अंगावर लिहिलेले नसते, ते मागाहून दुसऱ्या एखाद्या कसोटीने ठरवावे लागते, असे नैयायिकांचे म्हणणे. कोर्टकचेरीच्या भाषेत सांगायचे तर शाबितीचा बोजा विश्वास ठेवणाऱ्यावर की शंका घेणाऱ्यावर, एवढाच हा तंटा आहे. आणि तो मिटलेला नाही, हे ध्यानात येण्यास मला धुळ्याच्या आग्रा रोडवरील मोबाईल दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात काही वेळ बसावे लागले.

निमित्त भाच्याच्या ड्रोनचे. साक्री, पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल या टापूत लग्नकार्यांच्या चित्रफिती काढण्याचा त्याचा व्यवसाय असून, पत्रिकेवर कुलदैवत आणि चित्रफितीत ड्रोन ही दोन्ही आता आमच्याकडे सारखीच अपरिहार्य होऊन बसली आहेत. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्यापासून नियोजित वधूवरांना तेथे नेऊन त्यांच्या डोक्यावरून ड्रोन फिरवण्याची चाल पडली आहे. पण जेथे पवनचक्क्या उभारतात तेथे वारा असतो ही गोष्ट वधूवरांच्या उत्साहात दुर्लक्षित राहते, आणि तशाच एका दुपारी 250 ग्रॅमच्या आतले ते इवलेसे यंत्र उतरताना झोत लागून मुरमाड जमिनीवर कलंडले. बाहेरून ओरखडाही उमटला नव्हता. पुढच्या खेपेस मात्र ते आकाशात चढले आणि भाच्याच्या हातातील पडदा काळा झाला. केंद्र सरकारने 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीस मनाई करून सुट्या भागांना तेवढी मोकळीक ठेवल्यामुळे, हाती असलेले यंत्र मोडीत काढण्यापेक्षा त्याला कसेही करून जगवण्याकडे या धंद्यातील माणसांचा कल असतो. त्यामुळे आम्ही धुळे गाठले.

"मामा, कॅमेरा गेला," असा निकाल भाच्याने वाटेतच देऊन टाकला होता. दुकानातील तरुणाने तो निकाल मान्य केला नाही. पण अमान्यही केला नाही, आणि त्याच्या कारागिरीचे सारे मर्म मला या दुहेरी संयमात दिसले. त्याने प्रथम पडद्याच्या कडेकडे बोट दाखवले. चित्राची जागा काळी होती, तरी उंची, अंतर, बॅटरीचे शेकडा प्रमाण आणि उपग्रहांची संख्या हे आकडे बिनचूक चालू होते. म्हणजे यंत्र आणि हातातील नियंत्रक यांच्यातील दळणवळण शाबूत होते. मग त्याने भाच्याचा मोबाईल काढून आपला जोडला, नियंत्रकापासून मोबाईलपर्यंतची वायर बदलली, आणि काळोख दोन्ही वेळा तसाच राहिल्यावर ती दोन्ही संशयितांच्या यादीतून वजा केली. त्यानंतर यंत्रातील कार्ड काढून संगणकात घातले. कारण चित्र कार्डावर नीट उमटून केवळ पडद्यावर येत नसेल तर दोष प्रक्षेपणाचा, आणि कार्डावरही काळेच असेल तर दोष त्याच्याही आधीचा. कार्डावरही काळेच होते. एथवर भाच्याचे अनुमान बळावत चालले होते. शेवटी त्या तरुणाने यंत्र चालू ठेवून, मोटारीवर जोर पडणार नाही अशा बेताने, नखाच्या टोकाने कॅमेऱ्याचे तोंड हलकेच खाली कलवले. क्षणभर पडद्यावर दुकानातील पंखा, गिऱ्हाइकाची टोपी आणि भिंतीवरचे कॅलेंडर लखकन दिसून गेले. तोंड वर केले, काळोख. पुन्हा खाली, पुन्हा पंखा.

"कॅमेरा दखस भो, पन सांगत नही," तो अहिराणीत भाच्याला म्हणाला आणि स्क्रू काढू लागला.

कॅमेऱ्याला तीन अक्षांवर तोलून धरणाऱ्या चौकटीला गिंबल म्हणतात. यंत्र वाऱ्यात डोलले, झुकले, वळले तरी चित्रातील क्षितिज सरळ राहावे म्हणून तीन चिमुकल्या मोटारी क्षणोक्षणी उलट दिशेने फिरून तो तोल सांभाळीत असतात. आणि या फिरत्या सांध्यांमधूनच, घडी घालून, वळसे देऊन, कॅमेऱ्याने टिपलेले चित्र मुख्य पटलापर्यंत पोचवणारी कागदासारखी पातळ पट्टी नेलेली असते. कारागीर तिला स्ट्रिप म्हणतात. कॅमेरा जितक्या वेळा मान हलवील तितक्या वेळा ती मुडपते. त्यात आदळआपट झाली की ऐन घडीवर तिच्यातील तांब्याच्या रेषांना केसासारखी चीर पडते, ती चीर एका कोनात मिटते आणि दुसऱ्या कोनात उघडते. प्लास्टिकच्या चपट्या काडीने जोडणीचे टोक उचलून, पट्टी बाहेर काढून, त्याने ती भिंगाखाली धरली आणि आम्हा दोघांना पाळीपाळीने दाखवली. तेवढ्या रेषेसाठी हजारो रुपयांचा कॅमेरा मृत ठरवला जाणार होता.

त्याच्या त्या सहज वाक्याने मला वात्स्यायनाची आठवण झाली. न्यायसूत्रांवरील भाष्यात शब्दप्रमाणाचा विचार करताना, ज्याच्या शब्दावर विश्वास टाकावा असा आप्त कोणास म्हणावे हे सांगताना वात्स्यायन दोन अटी घालतो: त्याने वस्तू साक्षात् जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगण्याची त्याची इच्छा असावी. जात, कुळ, विद्या यांचा त्यात उल्लेख नाही. किंबहुना ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे, असे तो मुद्दाम नमूद करतो. एवढ्या जुन्या काळी एवढ्या निःसंकोचपणे लिहिलेले हे वाक्य आपल्या धर्मचर्चेत जितके यावयास हवे तितके येत नाही, याचा मला नेहमी विषाद वाटतो. ते असो. प्रस्तुत मुद्दा असा की पाहणे आणि सांगणे या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्या दोहोंच्या मध्ये एक वाट असते, आणि ती वाट मोडली म्हणजे आपण बहुधा पाहणाऱ्यालाच आंधळा ठरवून मोकळे होतो. साक्षीदार गप्प राहिला की त्याने काही पाहिलेच नाही असे मानण्याची जी खोड न्यायासनापासून चावडीपर्यंत सर्वत्र आढळते, ती याच जातीची.

आणि तो काळा पडदा म्हणजे तरी नेमके काय? भाचा म्हणत होता, काळे दिसते. पण काळे काहीही दिसत नव्हते. दिसणे थांबले होते, आणि थांबलेल्या दिसण्याला पडद्याने आपला काळा रंग दिला होता. तम म्हणजे तेजाचा अभाव, त्याला निराळी सत्ता नाही, असे वैशेषिक म्हणतात. कुमारिलाच्या परंपरेतील मीमांसक मात्र तमाला द्रव्यांच्या यादीत बसवतात. अद्वैत्यांनी हाच प्रश्न अज्ञानाविषयी उपस्थित केला आणि अज्ञान हे नुसते ज्ञानाचे नसणे नव्हे, ते भावरूप आवरण आहे, असा सिद्धान्त मांडला. या विषयाशी आमच्या खानदेशाचा एक जुना ऋणानुबंध आहे. अमळनेरला प्रताप शेठजींच्या औदार्याने 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, पुढे साने गुरुजी तेथे अध्ययनासाठी येऊन राहिले, आणि तेथेच मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती या तीन पंडितांनी अज्ञानाच्या स्वरूपावर आपापसांत केलेला वाद 1933 साली 'अज्ञान' याच नावाच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या, कापसाच्या आणि तेलाच्या भावात गुंतलेल्या एका तालुक्याच्या गावी तीन माणसे बसून 'मला ठाऊक नाही' या अनुभवाचे अंतरंग तपासतात, ही गोष्ट मला कुठल्याही किल्ल्याच्या इतिहासाहून अधिक अभिमानाची वाटते. दुरुस्तीच्या टेबलापाशी मात्र अद्वैत्यांचा पक्ष मला दुबळा वाटला. कारण तेथे काळोख हे आवरण म्हणून दूर सारावयाचे नव्हते, तुटलेली रेषा सांधावयाची होती. अर्थात आत्म्याविषयी त्यांनी जे म्हटले ते तांब्याच्या तारेवर तपासणे अन्यायाचे होईल, हेही खरे.

आता मूळ तंट्याकडे वळू. त्या तरुणाने वर्तनाने कोणाचा पक्ष घेतला? माझ्या मते कुमारिलाचा. श्लोकवार्तिकात कुमारिल सांगतो की ज्ञान आपल्या ठिकाणी प्रमाणच असते, आणि ते अप्रमाण ठरण्याच्या वाटा दोनच आहेत: ज्या साधनाने ते उपजले त्या साधनात दोष सापडला, किंवा त्याला छेद देणारे दुसरे ज्ञान उपजले. दुकानातील चौकशी याच दोन वाटांनी चालली होती. प्रत्येक भाग निर्दोष धरला जाई, त्याच्याविरुद्ध काही निष्पन्न होईपर्यंत तो निर्दोषच राही, आणि संशय घ्यायचा तर तो नेमका, जागा दाखवून, ज्याची शहानिशा करता येईल असा घेतला जाई. वायर बदलली तरी काळोख, तेव्हा वायर सुटली. कलवले की चित्र, सरळ केले की काळोख, तेव्हा पट्टी सापडली. यालाच शास्त्रकार अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. याच्या उलट 'सगळेच बिघडले असेल' अशी सरसकट शंका घेणारा माणूस एकही स्क्रू काढू शकत नाही, कारण कोणता काढावा हे त्याला कधीच कळणार नाही. नैयायिकांचा मुकुटमणी उदयन यालाही हे मान्य होते. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहाराशीच तिचा विरोध उत्पन्न झाला की तेथे ती थांबली पाहिजे, असे त्याने न्यायकुसुमांजलीत म्हटलेले आहे.

मीमांसकांचा नैयायिकांवर मोठा आक्षेप अनवस्थेचा. एका ज्ञानाचा खरेपणा दुसऱ्याने ठरवायचा, तर दुसऱ्याचा तिसऱ्याने, तिसऱ्याचा चौथ्याने, आणि या साखळीस अंत नाही. हा आक्षेप मला पोथीत वाचताना थोडा वकिली वाटला होता. सुरतेहून नवी पट्टी येऊन ती बसवल्यानंतर मात्र तो साक्षात् टेबलावर येऊन उभा राहिला. चित्र आले, पण तिरपे. क्षितिज एका अंगाला कललेले. अशा वेळी गिंबलला सरळ म्हणजे काय ते नव्याने शिकवावे लागते, आणि त्यासाठी यंत्र सपाट पृष्ठभागावर ठेवून ती क्रिया सुरू करा, अशी सूचना पडद्यावर उमटते. सपाट पृष्ठभाग म्हणजे कोणता? दुकानाचे टेबल सपाट दिसत होते. पण जुन्या फरशीवर उभे असलेले टेबल सपाट असल्याची हमी कोण देणार? शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्याने पाणसळ मागवली. टेबलावर ठेवताच तिच्यातील बुडबुडा खुणेपासून किंचित बाजूला सरकला. आता दोष टेबलाचा की पाणसळीचा? माझ्या मनात अनवस्थेचे चक्र फिरू लागले असतानाच त्या तरुणाने एक फार साधी गोष्ट केली: पाणसळ उचलली, तिची टोके उलटसुलट केली, आणि नेमक्या त्याच जागी पुन्हा ठेवली. बुडबुडा पहिल्याइतकाच, आणि टेबलाच्या त्याच अंगाला सरकला. म्हणजे पाणसळ खरी, टेबल तिरपे. पाणसळच खोटी असती, तर तिचा खोटेपणा तिच्याबरोबर फिरला असता आणि बुडबुडा टेबलाच्या दुसऱ्या अंगाला गेला असता. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून त्याने काम पुरे केले.

गवंडी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, आणि मीही ती पूर्वी पाहिलेली असेल. पण तिच्यात हजार वर्षांच्या वादाचे एक उत्तर दडलेले आहे हे मला तोवर सुचले नव्हते. साधनाची परीक्षा करण्यास दुसरे साधन लागलेच पाहिजे असे नाही. तेच साधन फिरवून धरले तर ते स्वतःचा दोष स्वतःच दाखवते. अट एवढीच की ते आपल्या हातात असले पाहिजे आणि फिरवण्याची आपणास मुभा असली पाहिजे. कुमारिलानेही अनवस्थेतून वाट काढताना म्हटले आहे की तीनचार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज पडत नाही: पहिले ज्ञान, त्यावर आलेली शंका, त्या शंकेचे निरसन, आणि फार तर आणखी एक. दुकानात जवळजवळ तेवढ्यातच भागले.

एथवरच लेख थांबवता आला असता, आणि मीमांसकांचा विजय गाऊन मोकळे होता आले असते. परंतु साक्री तालुक्यात राहणाऱ्या माणसाने 'दिसलेल्यावर विश्वास ठेवावा' असे लिहावे आणि राईनपाड्याचा उल्लेखही करू नये, हे अप्रामाणिकपणाचे होईल.

1 जुलै 2018 रोजी, रविवारी, राईनपाडा येथील आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणाऱ्या टोळीतील माणसे समजून, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूची ही माणसे. डौर वाजवून भिक्षा मागणे हा त्यांच्या पंथाचा परंपरागत धर्म. पोर पळवणारी टोळी फिरते आहे अशी वार्ता त्याआधी कित्येक दिवस लोकांच्या मोबाईलवरून फिरत होती. त्या वर्षी देशभर अशा ज्या दृश्यफिती पसरल्या, त्यांपैकी एकीची कुळकथा पुढे उघडकीस आली: मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून कराचीत मुद्दाम तयार केलेला तो लघुपट होता, त्यात मोटारसायकलवरील माणसे खेळते पोर उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवतात, पसरवणाऱ्यांनी फक्त शेवट कापला होता.

या प्रकरणात कोणत्याही कॅमेऱ्यात बिघाड नव्हता, हे येथे नीट ध्यानात घ्यावयास हवे. कराचीच्या कॅमेऱ्याने जे घडले तेच टिपले. राईनपाड्यात मारहाण चालू असता ती मोबाईलवर टिपणारे कॅमेरेही उत्तम चालले, आणि ती चित्रेच पुढे तपासात आरोपींची ओळख पटवण्यास उपयोगी पडली. दोष होता तो पाहण्यात नव्हे, पाहण्याच्या आणि मानण्याच्या मध्ये. भ्रम कसा होतो याविषयी प्रभाकर मीमांसकांची जी उपपत्ती आहे, ती मला शिंपले आणि चांदी या पाठ्यपुस्तकी उदाहरणात नेहमी ओढूनताणून बसवल्यासारखी वाटे. येथे मात्र ती अंगावर काटा आणण्याइतकी तंतोतंत लागू पडते. त्यांच्या मते भ्रमात खोटे ज्ञान असे काही नसतेच. एक असते प्रत्यक्ष ज्ञान, दुसरे असते स्मरण. दोन्ही आपापल्या ठिकाणी खरी. फक्त ती दोन आहेत, एक नव्हेत, हा भेद लक्षात येत नाही. बाजारात दिसली ती झोळ्या घेतलेली, परमुलखातील बोली बोलणारी अनोळखी माणसे; आठवली ती मोबाईलवरील फीत; आणि दोहोंमधील अंतर कोणाच्या ध्यानात आले नाही.

ज्या धर्मात दाराशी आलेला भिक्षेकरी हा अतिथी मानला गेला, त्या धर्मात वाढलेल्या माणसांना गोसाव्याचा वेश हे सोंग वाटावे, यावर समाजशास्त्रज्ञ बोलतील तेव्हा बोलोत. मला येथे प्रामाण्याचा प्रश्न अधिक मूळचा वाटतो. मीमांसकांनी स्वतःप्रामाण्याचा एवढा खटाटोप केला तो व्यवहारासाठी नव्हे, वेदासाठी. त्यांचे अनुमान असे: शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्याकडून, त्याच्या भ्रमातून, त्याच्या स्वार्थातून, त्याच्या निष्काळजीपणातून, वेदाला कर्ता नाही, तो अपौरुषेय आहे, सबब त्यात दोष शिरण्यास वाटच नाही. हे अनुमान कोणास पटो वा न पटो, त्यातील जोखीम मात्र आज आपल्या खिशात येऊन बसली आहे. कारण मोबाईलवर येणाऱ्या फितीलाही कर्ता दिसत नाही. कोणी टिपली, कोठे टिपली, केव्हा, कशासाठी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यासोबत येत नाही. आणि बोलणारा समोर नाही म्हणून त्याच्या हेतूविषयी शंकाही मनात उठत नाही. न दिसणारा कर्ता आणि नसलेला कर्ता यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. हे दोन्ही एकच का, असे कुमारिलाला विचारले असते तर तो संतापला असता. पण लोकव्यवहारात हे दोन्ही एकाच आदराने स्वीकारले जातात, आणि एखाद्या निनावी फितीला श्रुतीचा मान मिळतो.

म्हणून माझा पक्ष असा की विश्वासाचा हक्क आणि साधन उघडून पाहण्याची मुभा ही दोन्ही बरोबर चालली पाहिजेत. दुकानातील तरुण यंत्रावर विश्वास ठेवू शकत होता, कारण त्याच्या हातात स्क्रू होता. पट्टी काढता येत होती, पाणसळ फिरवून धरता येत होती. जेथे उघडता येत नाही, फिरवता येत नाही, तेथे नैयायिकांकडे जावे. त्यांनीही सर्वत्र परीक्षा मागितलेली नाही. परिचयाच्या वस्तूविषयी, अभ्यासदशेत, ज्ञान होताच माणूस कामाला लागतो हे ते मान्य करतात. अनभ्यासदशेत, म्हणजे नव्या, अपरिचित वस्तूविषयी, मात्र संवाद पाहावा लागतो, दुसऱ्या मार्गाने तीच गोष्ट हाती लागते का ते तपासावे लागते. परका माणूस ही अनभ्यासदशा नव्हे तर काय?

आपल्याकडे ही शिस्त अगदीच नाही असे नव्हे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. पण उड्डाणाआधी घराघरांच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात, आणि चित्रावरून नकाशा तयार झाला म्हणून तो तसाच दप्तरी दाखल होत नाही, जागेवर जाऊन पडताळणी होते, हरकती मागवल्या जातात, आणि मगच मिळकतपत्रिका बनते. वितभर ओट्यासाठी सरकार आकाशातील डोळ्यावर विसंबत नाही. धुळ्यालाच 1926 साली देह ठेवलेल्या राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करताना बखरीच्या रसाळ कथनापेक्षा अस्सल चिठोऱ्याला अधिक मान दिला, तो त्यावरील मिती, शिक्का आणि हस्ताक्षर तपासता येते म्हणून. आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवरील जी प्रवचने झाली, ती आपण आज निःशंकपणे विनोबांची म्हणून वाचतो, कारण कोण बोलले ते ठाऊक आहे आणि लिहून घेणारे साने गुरुजी होते हेही ठाऊक आहे. वाटेची दोन्ही टोके उजेडात आहेत.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरता असा निर्बंध घातला की एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये. उपाय वाईट नव्हता; पण तो वेगाचा उपाय होता, प्रामाण्याचा नव्हे. वात्स्यायनाच्या दोन अटी लावून पाहिल्या तर काय दिसते? ज्या माणसाकडून फीत आपल्या मोबाईलवर येते तो बहुधा आपला चुलतभाऊ, शेजारी किंवा शाळेतला सोबती असतो. त्याचा हेतू शुद्ध असतो, सांगण्याची इच्छा खरी असते, आणि त्याच्याविषयीचा आपला विश्वासही अनाठायी नसतो. फक्त त्याने स्वतः काही पाहिलेले नसते. दुकानातील कॅमेरा पाहत होता, पण सांगत नव्हता. येथे सांगणारे शेकडो, आणि पाहणारा त्यांत एकही नाही. पहिला बिघाड पडदा काळा करून आपण होऊन कळवतो. दुसऱ्यात चित्र स्वच्छ येते.

कोणी म्हणेल, भर बाजारात बिथरलेल्या जमावापुढे न्याय आणि मीमांसा काढून बसण्यास सवड कोणाला होती? पण ते पाच जण पळून जात नव्हते. ते कोंडलेले होते. खोली ग्रामपंचायतीची होती, दाराला कडी होती. मंगळवेढ्यास एक फोन लावणे, त्यांच्या गावाचे नाव विचारून तेथल्या कोणाकडून खातरजमा करून घेणे, तालुक्याहून पोलीस येईपर्यंत दार लावून ठेवणे, यांपैकी प्रत्येकाला सवड होती. कुमारिलाच्या हिशेबाने तीनचार ज्ञानांचे काम होते ते.